एकतीस तारखेच्या आत कॅमेरा

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.

आज चहाच्या वेळी बाबांनी सांगितलं, ३१ तारखेला दुकान बंद करतो. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. एकाच गल्लीत, एकाच शटरमागे शेहेचाळीस वर्षं. सुईचं भोक दिसेनासं झालंय म्हणाले. एवढंच बोलले आणि बिस्किट चहात बुडवलं.

हिने (म्हणजे बायकोने) बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. माझं डोकं चालू झालं. पाच मिनिटांत मी जाहीर केलं की बाबांच्या दुकानाची फिल्म करायची. शेवटचा अख्खा महिना. हात, मशीन, गिऱ्हाइकं, सगळं. त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. अटी तीनच. स्वस्त हवा, म्हणजे वीस हजारांच्या आत. लहान हवा, म्हणजे पँटच्या खिशात मावणारा. आणि रोज वापरता यायला हवा.

हिने विचारलं, एकतीस तारखेनंतर रोज कशाला वापरणार. म्हटलं, रोजचं आयुष्य टिपायला. ती म्हणाली, आपल्याकडे रोज काय होतं. म्हटलं, टिपलेलं नाही म्हणूनच ते कळत नाही. ती वाळलेले कपडे काढायला गेली.

संकल्प: बुधवारपर्यंत खरेदी. गुरुवारपासून शूटिंग. सव्वीस दिवस हातात राहतात. भरपूर झाले. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

२ मार्च, रविवार.

सकाळी बाबा म्हणाले, गादीवाल्याचं मोठं मशीन आलंय, आज पूर्ण सुटं करणार, येतोस का बघायला. म्हटलं, कॅमेरा नसताना येऊन काय उपयोग. त्यांना पटलं असावं. डबा घेऊन निघून गेले.

मी तीन दुकानं फिरलो. माहितीपत्रकं मिळाली अकरा. बाजारात सध्या तीन जाती आहेत: टेपवर उतरवणारे, डिस्कवर उतरवणारे आणि कार्डवर उतरवणारे. टेपवाले स्वस्त पण जाड. डिस्कवाले गोल, खिशात फुगतात. कार्डवाले लहान, पण कार्ड नखाएवढं असतं, ते हरवणार. तिन्ही दुकानदारांनी तीन वेगळ्या जाती घ्यायला सांगितल्या आणि आमच्या घरी हाच आहे असं तिघांनीही सांगितलं.

फोनवर शूटिंग होतं म्हणे हल्ली. माझ्या फोनवर फक्त बोलता येतं, तेही खिडकीत उभं राहून.

४ मार्च, मंगळवार. कचेरीत, दुपारी.

तक्ता तयार केला. उभे रकाने चौदा, आडवे कॅमेरे अकरा. सतरा वर्षं मी आवक-जावक शाखा सांभाळतोय. कचेरीत येणारा प्रत्येक कागद माझ्याकडून नंबर घेऊनच पुढे जातो आणि आजवर एकही हरवलेला नाही. अशा माणसाला कॅमेरा निवडणं जड जाऊ नये. बाकीचे लोक दुकानात जातात आणि रंग बघून घेऊन येतात.

एक्सपर्टला तक्ता दाखवला. हा आस्थापना शाखेतला. त्याच्याकडे स्वतःचं काहीही नाही, पण माहिती सगळ्याची आहे. त्याने विचारलं, ऑप्टिकल झूम किती. हा रकानाच नव्हता. घातला. रकाने पंधरा.

५ मार्च, बुधवार.

कॅमेरा घेतला नाही. याला उशीर म्हणता येणार नाही. निर्णय पिकतो आहे.

बाबांनी सांगितलं, गादीवाल्याचं मशीन जोडून झालं. एकशे चाळीस तुकडे निघाले होते. ते खोललेलं होतं तेव्हा जास्त चांगलं दिसलं असतं. कॅमेरा आल्यावर परत खोलायला सांगू.

७ मार्च, शुक्रवार.

खिशाची चाचणी घेतली. कागदावर सेंटिमीटर वाचून काही कळत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे तीन खोके केले, मोठा, मधला आणि छोटा. आत वजनासाठी टाचण्यांची डबी. मधला खोका उजव्या खिशात घालून दिवसभर कचेरीत वावरलो. बसताना त्रास. जिना चढताना टाचण्यांचा आवाज. साहेबांनी विचारलं, खिशात काय आहे. म्हटलं, कॅमेरा. ते म्हणाले, दाखवा. दाखवला. ते केबिनमध्ये गेले. एक्सपर्ट म्हणाला, त्यांना आवडलेला दिसतोय.

घरी येताना खिसा उसवला. ही म्हणाली, बाबांकडे द्या. बाबांनी पँट हातात घेतली आणि विचारलं, नवा खिसा मोठाच शिवतो, कॅमेरा केवढा आहे. म्हटलं, ते अजून ठरायचंय. ते म्हणाले, मग खिसा ठरवू या, कॅमेरा तेवढा बघ.

हसले नाहीत. बाबांचं हे कधी कळत नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.

मोठ्या चौकातल्या कॅमेरावाल्यांकडे गेलो. माणूस शांत आहे. मला त्यांनी चार कॅमेरे हातात धरू दिले. मग विचारलं, शूटिंग कुठे करणार, तिथे उजेड किती आहे. मला सांगता येईना. त्यांनी विचारलं, ट्यूब किती, खिडकी कोणत्या बाजूला. तेही सांगता येईना. लहानपणी शाळा सुटल्यावर रोज मी त्या दुकानात बसायचो. पण उजेड मोजायचा असतो हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानातूनच बाबांना फोन केला. एक बल्ब, साठचा, मशीनच्या बरोबर वर. खिडकी डावीकडे, समोर भिंत. आता येऊन बघून जा म्हणाले, शिवणक्लासवाल्या बाईंची सहा मशीनं आली आहेत, मजा आहे. म्हटलं, गरज नाही, आकडा मिळाला.

रकाना सोळावा: कमी उजेडात किती दिसतं. यात अकरापैकी सहा कॅमेरे बाद झाले. कॅमेरावाले म्हणाले, बाकीच्या पाचांतला कोणताही घ्या, सगळे चांगले आहेत. व्यापारी माणूस, तो असंच बोलणार.

संकल्प: कॅमेरा येईपर्यंत वेळ फुकट घालवायचा नाही. प्रश्नावली तयार करायची.

१२ मार्च, बुधवार.

प्रश्नावली झाली. प्रश्न बावन्न. बाबांना लेखी दिली, म्हणजे कॅमेऱ्यासमोर अडखळणार नाहीत. दुकानात रिकाम्या वेळी वाचा म्हटलं. ते म्हणाले, या महिन्यात रिकामा वेळ नाही, बंद होतंय कळल्यावर सगळे घरातली मशीनं घेऊन येतायत. तरी घेऊन गेले.

१३ मार्च, गुरुवार.

प्रश्नावली परत आली. बाबांनी उत्तरं लिहूनच दिली आहेत, पेन्सिलने. बहुतेक ठिकाणी हो, नाही किंवा आठवत नाही. सहकार्य कमी पडतंय.

एकाच उत्तरात दोन वाक्यं आहेत. प्रश्न ३१: आजवरचं सर्वांत अवघड मशीन कोणतं व का. उत्तर: तुझ्या आईचं. लग्नाआधी दर पंधरा दिवसांनी बिघडायचं, लग्नानंतर एकदाही बिघडलं नाही.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं मशीन अजून आतल्या खोलीत आहे आणि उत्तम चालतं. पण उत्तर तांत्रिकदृष्ट्या अपुरं आहे. नेमका बिघाड काय होता ते लिहिलेलं नाही. हिला दाखवलं तर तिने तो कागद माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच्या कपाटात ठेवला. प्रश्नावलीची दुसरी प्रत काढायला हवी होती.

१५ मार्च, शनिवार.

मेहुणा त्याचा कॅमेरा घेऊन आला. हिने परस्पर सांगितलेलं दिसतंय. टेपवाला, चार वर्षांचा, पण चालू. महिनाभर ठेवा म्हणाला, काम झालं की द्या, चार टेपाही आणल्यात.

त्याचा हेतू चांगला आहे, मान्य. पण उसन्या कॅमेऱ्याने स्वतःच्या बापाची फिल्म करायची? शिवाय हा कॅमेरा तक्त्यात नाही. तक्त्यात नसलेली वस्तू वापरायची असती तर तक्ता केलाच नसता.

त्याच्या कॅमेऱ्याचा उपयोग झाला मात्र. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याशेजारी ठेवून मापं घेतली. खोका बरोबर निघाला. दोन तासांनी कॅमेरा आभार मानून परत केला. ही स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वाटला.

१६ मार्च, रविवार.

आज दुकानात गेलो. जागेची पाहणी. बरोबर मापाची टेप, वही आणि छोटा खोका.

दुकान मला वाटत होतं त्याहून लहान आहे. आठ फूट बाय अकरा. भिंतीला खिळ्यांवर पट्टे लटकवलेले. जुन्या बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, सुया, बॉबिन. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत. बाबा न बघता हात घालतात आणि हवं ते काढतात. ही पद्धत चुकीची आहे. आवक-जावकमध्ये असं चालणार नाही.

शिवणक्लासवाल्या बाई आल्या होत्या. बाबा त्यांच्या मशीनचं टायमिंग लावत होते. सुई खाली जाते आणि खालचं शटल त्याच क्षणी दोरा पकडतं, तो क्षण जुळवायचा असतो. केसाएवढा फरक पडला तरी टाका सुटतो. बाबा डोळे मिटून करतात. डावा अंगठा सुईच्या टोकाशी, उजवा हात चाकावर.

मी स्टुलावर चढून बल्बपासून मशीनपर्यंतचं अंतर घेत होतो. बाबांनी विचारलं, जरा टॉर्च धरतोस का, शटलच्या आत काहीतरी अडकलंय. म्हटलं, दोन मिनिटं, माप चुकेल. टॉर्च बाईंनी धरली. मी खाली उतरलो तेव्हा मशीन चालू झालं होतं आणि बाबा बाईंना सांगत होते, आता हे वर्षभर त्रास देणार नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी कुठे जाऊ. बाबांनी मशीनवरून फडकं फिरवलं.

बल्ब ते मशीन: तीन फूट चार इंच.

निघताना शेजारच्या बाइंडरकाकांनी बोलावलं. यांचं बुक बाइंडिंगचं दुकान बाबांच्या दुकानाला लागून आहे, चाळीस वर्षांचा शेजार. चहा घे म्हणाले. म्हटलं, गडबडीत आहे, फिल्म करतोय. ते म्हणाले, अच्छा, कधी. म्हटलं, सुरूच आहे.

१८ मार्च, मंगळवार.

पाच कॅमेरे राहिले होते. आज दोनावर आलो. क्रमांक ४ आणि क्रमांक ९. क्रमांक ४ नऊ मिलिमीटरने रुंद आहे. क्रमांक ९ अठरा ग्रॅमने जड आहे. एक्सपर्टशी जेवणाच्या सुट्टीत चर्चा. तो म्हणाला, हात थरथरतो का यावर आहे. दोघांनी हात पुढे करून पाहिले. माझा थरथरत नाही. त्याचा थरथरतो.

क्रमांक ९ नक्की.

२० मार्च, गुरुवार.

क्रमांक ४ चा पुन्हा विचार करतोय.

२३ मार्च, रविवार.

क्रमांक ९ घ्यायला पैसे घेऊनच गेलो. कॅमेरावाले म्हणाले, हे मॉडेल मागच्याच आठवड्यात संपलं, तुम्हाला नऊ तारखेला हातात दिला होता तो शेवटचा पीस होता. क्रमांक ४ आहे, आत्ता देतो. मग म्हणाले, ९ च्या जागी नवीन येतोय, अठ्ठावीसला, आठ मिलिमीटरने लहान, किंमतही थोडी कमी.

घाईत क्रमांक ४ घेतला असता तर मूर्ख ठरलो असतो. थांबण्याचा फायदा होतो तो असा.

बाबांना सांगितलं, फक्त पाच दिवस. ते म्हणाले, बघ बाबा तुझ्या सोयीने. ही हल्ली दुपारी दुकानात जाते, बाबांना सामान बांधायला. आज खोकी मागितली. माझे तिन्ही खोके द्यायला निघाली होती, थांबवलं.

२४ मार्च, सोमवार.

दुकानाची पाटी उतरवली. मला कळलं तेव्हा ती घरी येऊन जिन्याखाली पोहोचली होती. म्हटलं, पाटी शूटिंगसाठी लागणार, परत लावावी लागेल. बाबा म्हणाले, स्क्रू गंजलेले होते, काढताना तुटले. म्हटलं, नवे स्क्रू मी आणतो. ते म्हणाले, भिंतही तुटली.

२६ मार्च, बुधवार.

शुक्रवार ते सोमवार रजेचा अर्ज केला. कारणाच्या ठिकाणी कौटुंबिक चित्रीकरण असं लिहिलं. साहेबांच्या नावे अर्ज असल्याने तो रीतसर आवकमध्ये आला, म्हणजे माझ्याकडेच आला. वर्षअखेर असल्याने ट्रेमध्ये तीनशे दहा कागद आधीचे आहेत. स्वतःचा कागद मधे घुसवणं मला शोभणार नाही. तळाशी ठेवला.

२८ मार्च, शुक्रवार.

अर्जाचा नंबर अजून आलेला नाही. रोज सरासरी सत्तर कागद होतात. कचेरीत गेलो.

संध्याकाळी कॅमेरावाल्यांकडे. नवीन मॉडेल आलं आहे. फक्त काचेत ठेवायचा एक पीस. फारच देखणा. छोट्या खोक्यापेक्षाही लहान. विक्रीचे सोमवारी सकाळी येणार. म्हटलं, सोमवारी तर एकतीस तारीख. ते म्हणाले, सोमवारी सकाळी अकराला या, पहिला तुमचा. मग थोडं थांबून म्हणाले, हवा तर आज हा काचेतला घरी न्या, दोन दिवस वापरा, सोमवारी बदलून नवा घ्या.

हाताळलेला पीस. नको म्हटलं.

२९ मार्च, शनिवार.

कॅमेरावाल्यांनी माहितीपुस्तक आधीच दिलंय. पानं चौऱ्याण्णव. आज बत्तीस वाचली. लाल पेन्सिलने खुणा केल्या. एकंदरीत सोपं आहे. लोक पुस्तक न वाचता वस्तू वापरतात आणि मग पस्तावतात.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ६.

सकाळी बाबा म्हणाले, आज गिऱ्हाइकं भेटायला येणार आहेत, ये. काम नाही, नुसतं बसायचं. म्हटलं, बासष्ट पानं राहिली आहेत. ही त्यांच्याबरोबर गेली.

ही आत्ता परत आली. तिने सांगितलं ते असं. चाळीसेक माणसं आली होती. दुकानात जागा नव्हती म्हणून गल्लीत उभी होती. गादीवाला आला होता, सोफे शिवणारे दोघं भाऊ आले होते, शिवणक्लासच्या बाई त्यांच्या सगळ्या मुलींना घेऊन आल्या होत्या. एक म्हातारी हातात मशीनचं जुनं हँडल घेऊन आली होती. मशीन कधीच विकलं, हँडल तेवढं ठेवलं होतं. बाबांनी ते साफ करून, तेल लावून तिला परत दिलं. बाबा भाषण करतील असं सगळ्यांना वाटलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, तेल घालत जा. मग बसले.

हिला म्हटलं, हे सगळं क्रमाने लिहून ठेव. पुढच्या रविवारी त्या लोकांना परत बोलावून घेता येईल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही ना. वाक्य पुरं केलं नाही.

पुस्तक पुरं केलं.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.३०.

फत्ते.

घटनाक्रम नोंदवून ठेवतो. कचेरीत न कळवता गैरहजर राहिलो. सतरा वर्षांत पहिल्यांदा. ११.०० ला कॅमेरावाल्यांच्या दारात. ११.५० ला माल आला. पहिला मला दिला. कॅमेरावाले म्हणाले, अर्धा तास चार्ज करा, तासभर पुरेल, लगेच जा. पण पान ८ वर स्पष्ट म्हटलंय की पहिल्या वापरापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, चार तास. घरी येऊन लावली. ४.१५ ला दिवा हिरवा झाला. निघालो. जिन्यात लक्षात आलं की डबीत कार्ड नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. वाटेतल्या दुकानातून कार्ड घेतलं, तिथेच घातलं, लाल बटण दाबून पाहिलं. स्क्रीनवर लाल ठिपका आला. सगळं ठीक. कॅमेरा नव्या खिशात घातला आणि गल्लीकडे निघालो.

५.१५ ला पोहोचलो. दुकान रिकामं होतं. खिळे होते, डबे नव्हते. बल्बही काढलेला. बाबा आणि बाइंडरकाका बाहेर दोन स्टुलांवर बसले होते. स्टुलंसुद्धा बाइंडरकाकांची. ही घरमालकाकडे किल्ली कधी द्यायची ते विचारायला गेली होती.

बाबा म्हणाले, आलास. मग उठून शटर खाली ओढलं.

म्हटलं, थांबा, परत करा, मी तयार नव्हतो. त्यांनी शटर वर केलं आणि परत ओढलं. मग मी डावीकडून घेतलं. मग एकदा कॅमेऱ्याकडे न बघता. शटर जड आहे. तिसऱ्या वेळी बाइंडरकाकांनी हात लावला. म्हटलं, काका, तुम्ही चित्रात येताय, बाजूला व्हा. ते झाले. बाबांनी एकट्याने ओढलं. कुलूप लावतानाचा हात जवळून घेतला, दोनदा. प्रत्येक शॉटच्या मधे योग्य कोन शोधायला थोडा वेळ लागायचा. तेवढा वेळ दोघं स्टुलावर बसून गप्पा मारत होते. कंटाळले नाहीत.

एकूण एकोणीस मिनिटं काम केलं. हात अजिबात थरथरला नाही. किल्ली देऊन तिघं घरी आलो. बाबा लवकर झोपायला गेले. उद्या टीव्हीला जोडून बघायचं. आज मुद्दाम बघितलं नाही. केलेल्या कामावर विश्वास असला की घाई नसते.

१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी.

बाबा सकाळी नेहमीच्या वेळी तयार झाले, बूट घातले आणि दारापाशी थांबले. मग बूट काढले. संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा मी आणि ही टीव्हीसमोर बसलो.

लाल ठिपका दिसत असतो तेव्हा चित्रीकरण चालू असतं. मी समजत होतो, लाल म्हणजे यंत्र तयार आहे. पुन्हा दाबलं की ठिपका जातो, म्हणजे शूटिंग सुरू. प्रत्यक्षात ठिपका जातो तेव्हा शूटिंग बंद होतं. हे पान ११ वर दिलेलं आहे. पान ११ मी वाचलेलं आहे, लाल पेन्सिलची खूण आहे.

म्हणजे मला जे घ्यायचं होतं ते काहीही आलेलं नाही. जे घ्यायचं नव्हतं ते सगळं आलं आहे.

नोंद करून ठेवतो.

० ते २२ मिनिटं: खिशातला अंधार. माझी पावलं. माझा दम. कॅमेरा खिशात नीट मावतो.

२२ मिनिटांपासून पुढे: जमीन. माझा डावा बूट. सायकलचं चाक. बाइंडरकाकांचा गुडघा. परत जमीन. शटर कुठेही नाही. बाबा कुठेही नाहीत. त्यांचा आवाज आहे.

बाइंडरकाका विचारतात, हा करतोय काय.

बाबा म्हणतात, कोन शोधतोय.

काका म्हणतात, पाचला बंद करणार होतास, त्याच्यासाठी थांबलास.

बाबा म्हणतात, महिनाभर बिचाऱ्याची पळापळ चाललीय. माझ्यासाठीच करतोय.

काका म्हणतात, महिन्यात आला किती वेळा?

बाबा म्हणतात, एकदा. स्टुलावर चढला होता.

इथे शूटिंग थांबतं, कारण मी सुरू केलं. पुढचा तुकडा परत माझ्या बुटापासून चालू होतो. काका काहीतरी म्हणतात ते नीट पकडलं गेलेलं नाही. मग बाबा.

म्हणतात, नाही रे, राग कसला. त्याला नुसतं बसता येत नाही. लहान होता तेव्हाही शाळेतून येऊन बसायचा तर हातात काहीतरी द्यावं लागायचं. रिकामं बॉबिन द्यायचो, तास तास दोरा गुंडाळायचा. आणि मी काम करायचो. बोलायचो नाही आम्ही. पण होता शेजारी.

काका म्हणतात, बोलवायचंस मग सरळ.

बाबा म्हणतात, बोलावलं की. दर रविवारी. पण बस शेजारी, असं नाही सांगता येत. मशीन खोलतोय, ये, असं सांगता येतं.

मग माझा आवाज येतो, बाबा, आता एकदा कॅमेऱ्याकडे न बघता. बाबा म्हणतात, बरं. स्टूल सरकल्याचा आवाज येतो आणि शूटिंग बंद होतं.

हिने टीव्ही बंद केला नाही. तो बूट सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेला आणि कार्ड संपलं तरी ती बघत होती. मग टीव्ही बंद केला, नाक पुसलं आणि कुकर लावायला उठली.

एवढ्यात बाबा फिरून आले. कसं आलंय विचारलं. म्हटलं, चांगलं आलंय. बघू म्हणाले. म्हटलं, अजून एडिटिंग बाकी आहे. आवाज मात्र फार स्वच्छ आला आहे, शब्द न् शब्द कळतो.

बाबा थोडा वेळ टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत उभे राहिले. मग आईच्या मशीनच्या खोलीत गेले. मीही गेलो. त्यांनी मशीनवरचं कव्हर काढलं, चाक फिरवून पाहिलं, तेलाची बाटली घेतली. काही बिघडलेलं नव्हतं. मी शेजारी स्टूल ओढून बसलो. कॅमेरा बाहेर ठेवला होता. टॉर्च धरू का विचारलं. नको म्हणाले, दिसतंय.

कोणी काही बोललं नाही. सहा मिनिटं बसलो. मग उठलो.